माला-एन, छाया, अंतरा की तांबी: पुढे लेकरू हवं असेल तर काय घ्यावं?

"बाई, गोळ्या खाल्ल्या का मंग लेकरूच राहत नाही म्हंते आमची सासू. खरं हाय का वो?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्रात हा प्रश्न सारखा येतो. विचारणारी बहुतेक वीस-बावीसची, लग्नाला सहा महिने झालेली, बोटांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे. तिला मूल नकोच असं नाही, दोन वर्षांनी हवं आहे. सरकारी दवाखान्यात पाळणा लांबवायची ही चारही साधनं फुकट मिळतात: माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा ही सुई आणि तांबी (कॉपर-टी). पण बंद केल्यावर दिवस राहायला किती वेळ लागतो, ते प्रत्येकाचं वेगळं आहे, आणि निवडताना तेच आधी बघायला हवं.

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 हार्मोनच्या, उरलेल्या 7 रंगीत, लोहाच्या. त्या "बिनकामाच्या" म्हणून फेकू नका. आपल्याकडे बायांच्या अंगात रक्त कमीच असतं, शिवाय रोजची सवय तुटत नाही. गोळी बंद केली की हार्मोन थोड्याच दिवसांत शरीराबाहेर जातं आणि बीजकोष पुन्हा कामाला लागतो. गोळ्या थांबवणाऱ्या 100 जणींपैकी साधारण 80 जणींना वर्षाच्या आत दिवस जातात. अंतराची सुई वगळता इतर साधनं थांबवणाऱ्या बायकांचंही जवळपास तसंच असतं. गोळ्या एक वर्ष खाल्ल्या की पाच वर्षं, याने फरक पडत नाही.

मग सासूबाई खोटं बोलतात का? नाही, त्यांनी पाहिलेलं खरं असतं, कारण दुसरं असतं. जिची पाळी मुळातच दोन-दोन महिने लांबते, तिला गोळ्यांवर दर महिन्याला ठरल्या वेळी रक्तस्राव होतो. गोळी थांबली की जुनी गडबड वर येते आणि बोल गोळीला लागतो. कुणाला थायरॉइड असतो, कुणाला गर्भनळ्यांचा टीबी. एका घरी सुनेला दोन वर्षं "गोळ्यांनी कूस बिघडवली" म्हणून ऐकवलं. नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही झाली नव्हती. झाली तेव्हा दोष त्याच्यात निघाला. मूल राहत नसेल तर तपासणी दोघांची करा. हे मी हात जोडून सांगते.

अंतराची सुई तीन महिन्यांतून एकदा घ्यायची. घरात कुणाला कळत नाही, रोजची आठवण नको, म्हणून पुष्कळ जणींना आवडते. पण औषध अंगात साठून राहतं आणि हळूहळू विरघळतं. शेवटच्या सुईपासून दिवस राहायला सरासरी 7 ते 10 महिने लागतात. पोळ्याला शेवटची सुई घेतली तर होळीपासून पेरणीपर्यंत वाट पाहायची तयारी हवी, काहींना त्याहून जास्त. कूस कायमची बंद होत नाही, पण हा उशीर आधी ठाऊक नसला तर घरात भांडणं होतात. वर्ष-दीड वर्षातच मूल हवं असेल तर मी अंतरा सुचवत नाही. तीन-चार वर्षांचं अंतर हवं असेल तर चांगली आहे.

छायामध्ये हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. सोडल्यावर अंतरासारखी लांबण नाही. पाळी मात्र मागेपुढे होते, 15 दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करून घ्या.

तांबी 5 किंवा 10 वर्षांची. काढली की लगेच दिवस राहू शकतात. "वर चढून काळजात जाते" हे साफ चूक. पण बसवण्याआधी अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं असेल तर आधी उपचार घ्या. तिथला जंतुसंसर्ग अंगावर काढला तर नळ्या बंद होतात, आणि मूल राहायला खरी अडचण येते ती त्याने.

आता सगळ्यांत मोठी भीती. मागे एक बाई रडतच आली. दोन गोळ्या चुकल्या होत्या, पुढे महिनाभर खातच राहिली, मग कळलं की दिवस गेलेत. "बाळ अधू निघन, पाडून टाका." डेन्मार्कमध्ये 1997 ते 2011 दरम्यानच्या 8 लाख 80 हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गोळ्या कधीच न खाल्लेल्या, आधी थांबवलेल्या आणि गरोदरपणातही चुकून खाल्लेल्या, सगळ्यांत मोठं व्यंग असलेल्या बाळांचं प्रमाण हजारी 25च्या आसपासच होतं. तिला हे समजावलं, गोळ्या तेवढ्या बंद केल्या. मुलगी आता अंगणवाडीत जाते.

काहींनी मात्र माला-एन स्वतःहून सुरू करू नये. बीपी वाढलेला, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकणं, रक्ताची गुठळी होऊन गेलेली, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असलेलं. सिकलसेलचा (आई-बापाकडून येणारा रक्ताचा) आजार असेल तर कुठलंही साधन डॉक्टरांना विचारूनच. आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे, म्हणून गोळ्या सुरू असतानाच नवरा-बायको दोघांची तपासणी उरकून घ्या. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

त्या वीस-बावीसच्या पोरीला मी माला-एन दिली, रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. मूल हवं असं ठरलं की हातातलं पाकीट पूर्ण संपवायचं आणि त्याच आठवड्यात आशाताईकडून फॉलिक अ‍ॅसिड मागायचं. ते लवकर हवं, कारण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पहिल्या 4 आठवड्यांतच मिटते, तोवर कित्येक जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असाल तर तो गोळीच्याही आधी सोडा. बाळ कमी वजनाचं होतं ते त्याने.