न्यू गंडम ब्रेकर की गंडम ब्रेकर ४? जुन्या डिस्कच्या मोहात पडण्याआधी

माझ्या मावसभावाचा परवा रात्री मेसेज, "दादा, सेकंडहँडवाल्याकडे न्यू गंडम ब्रेकरची डिस्क आहे, एकदम स्वस्तात देतोय, उचलू का?" सोबत फोटो. हा प्लेस्टेशन ४ (पीएस४) वरचा रोबो जोडून लढवायचा व्हिडिओ गेम. कव्हर बघूनच माझ्या पोटात गोळा आला, कारण हीच डिस्क मी २०१८ मध्ये, ती बाहेर पडल्या पडल्या, पूर्ण पैसे मोजून घेतली होती आणि नंतर वर्षभर तिच्याकडे पाहिलं की ते पैसेच आठवायचे.

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण या दोघांत गोंधळणारा तो एकटाच नसणार. मुळात नावातच घोळ आहे. 'न्यू' म्हटल्यावर कुणालाही तोच नवा वाटणार, पण तो जूनमधला, २०१८ चा. '४' आला ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे मध्ये सहा वर्षं. दोन्ही पीएस४ वर चालतात त्यामुळे भावासारखा जुना कन्सोल असला तरी प्रश्न उरतोच की स्वस्तात तो घ्यावा का थोडे जास्त घालून हा.

गंडम म्हणजे अवाढव्य रोबोंच्या युद्धाची जपानी कार्टून मालिका, त्यात रोबो कुठला, युद्ध कुणाचं हे सांगत बसत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, हे गेम मालिकेतल्या युद्धाचे नाहीत, ते गनप्लाचे आहेत, म्हणजे त्या प्लास्टिकच्या किट्सचे. आणि ते योग्यच आहे म्हणा. १९७९ ची मूळ मालिका ५२ भागांची ठरलेली, प्रेक्षक मिळेनात म्हणून ४३ वर गुंडाळली, आणि मग पुन्हा दाखवल्यावर आणि १९८० पासून किट्स बाजारात आल्यावर ती जी गाजली ती गाजलीच. त्यामुळे याचं डोकं, त्याचं धड, तिसऱ्याचेच पाय असं जोडून आपला रोबो बनवायचा आणि मैदानात उतरवायचा ही कल्पना ज्याने कुणी काढली त्याला माझा सलाम. मी स्वतः एकच किट केलंय, १/१४४ वालं (म्हणजे मालिकेतल्या रोबोच्या १४४ पट लहान), वितीपेक्षाही छोटं, निपर (किटचे तुकडे कापायची छोटी कात्री) नव्हता म्हणून घरच्या नेलकटरने तुकडे कापले आणि जिथे जिथे कापलं तिथे प्लास्टिक पांढरं पडलं. तरी तो शोकेसमध्ये उभा आहे आणि पाहुण्यांच्या पोरांना हात लावू देत नाही.

आता मुद्द्यावर येतो. न्यू मध्ये मला सगळ्यात जास्त जे खुपलं ते ग्राफिक्स नाही, कथा नाही, फ्रेमरेटसुद्धा नाही (तो सुरुवातीला वाईटच होता, माझ्या साध्या पीएस४ वर तीन-चार रोबो एकत्र आले की चित्र असं अडखळायचं की वाटायचं डिस्कवर ओरखडा आहे, नंतर पॅच आले आणि जरा सुसह्य झालं). खुपलं ते हे, की मी बनवलेला रोबो माझा राहतच नाही.

म्हणजे बघा. मी एका रविवारी दोनेक तास बसून एक बनवला होता, शेवाळी हिरवा, खांद्यांवर मातकट पट्टे, पाय जरा जाडजूड, एसटीच्या डेपोत उभा केला तर खपून जाईल असा. मॅच सुरू, तीन विरुद्ध तीन. दोन मिनिटांत डावा हात गळाला. ठीक आहे, लढाई आहे, आधीच्या गेममध्येही पार्ट सुटायचे. पण इथे अपेक्षा अशी की जमिनीवर पडलेला जो मिळेल तो हात उचला आणि लावा, लढता लढता! लावला. मग डोकं गेलं, दुसऱ्या कुणाचं तरी लावलं. मग पाय. पाचव्या मिनिटाला मी स्क्रीनवर माझा रोबो शोधतोय आणि तिथे भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उठून आल्यासारखं काहीतरी धावतंय. सगळेच पार्ट गेले तर आतला सांगाडा तेवढा उरतो, त्याला इनर फ्रेम म्हणतात, आणि त्यावरही लढता येतं, ही वाटायला भारी गोष्ट आहे पण मग ते दोन तास मी रंग कशाला देत होतो राव?

वर पार्ट घरी न्यायचे तर नुसते उचलून भागत नाही. उचला, मग तुमच्या टीमच्या पेटीपर्यंत पळत जा, तिथे टाका, परत या, मध्येच स्क्रीनवर सूचना येणार की आता हे फोडा, आता ते पाडा. लढाई कमी आणि कुरिअरची नोकरी जास्त. शिवाय भारी स्किल्स प्रत्येक मॅचमध्ये पहिल्यापासून लेव्हल चढवत चढवत उघडायची, म्हणजे हात जरा बसतोय तोवर शिट्टी.

कथा शाळेतली आहे, तुम्ही नवे विद्यार्थी, स्टुडंट कौन्सिलची दादागिरी, आणि कुठल्या मुलीच्या बाजूने जाल त्याप्रमाणे फाटे. दुसरा फाटा बघायचा तर बरंच तेच तेच पुन्हा. मी एकच फाटा संपवला आणि रामराम केला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर रोबो बनवायच्या स्क्रीनवर उभा करून गोल फिरवला की तो देखणा दिसायचा, प्लास्टिकची ती चकाकी अगदी किटसारखी. आणि कल्पना म्हणून, तीन जिवाभावाचे मित्र एकाच वेळी ऑनलाइन बसणारे असतील तर त्या पळापळीत कदाचित मजा येतही असेल. माझ्याकडे तसे तीन मित्र नव्हते, रात्री अकराला सगळ्यांची मुलं झोपलेली नसतात.

४ बद्दल लिहिण्यासारखं खरं तर कमी आहे, कारण तो शहाणपणाने वागतो. दोन्ही गेम एकाच स्टुडिओचे आहेत यावर विश्वास बसत नाही. पेटी गायब. पळताना पडलेला पार्ट अंगाखालून गेला की तुमचा, संपला विषय. मिशन संपतं तेव्हा समोर उभा असतो तो मी बनवलेलाच, आणि मला एवढंच हवं होतं. तोच हिरवा रोबो मी इथे पुन्हा बनवला, यावेळी दोन हातांत दोन वेगळी शस्त्रं देता येतात म्हणून उजव्या हातात तलवार आणि डाव्यात बंदूक, आणि जोडाजोडीचे छोटे तुकडे लहान-मोठे करून, फिरवून हवे तिथे बसवता येतात त्यात तर एक अख्खी शनिवार रात्र गेली. बायको पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "अजून लढाई सुरूच झाली नाही का?" नाही झाली. डायोरामा मोड आहे, त्यात रोबोंना पोझ देऊन देखावा मांडायचा, आपल्याकडे दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडतात तसंच, या बुरुजावर कोण, त्या दरवाज्यात कोण.

खोट काढायचीच तर आहे. कथा एका काल्पनिक ऑनलाइन गेमच्या आत घडते आणि माणसं फार बोलतात, मी निम्मं बटण दाबून पळवलं. मैदानं मला पुढे पुढे एकसारखी वाटायला लागली. पार्टची ताकद वाढवायला दुसरे पार्ट खर्ची घालायचे, हा मेनू काहींना हिशोबाच्या वहीसारखा कंटाळवाणा वाटेल, मला तो जेवणानंतर पडल्या पडल्या करायला बरा वाटतो. आवाज जपानीच, सबटायटल इंग्रजी, पण ज्याला गंडम आवडतं त्याला त्याचं काय.

कुणी म्हणेल मग २०१६ चा ३ का नाही? जुन्या बाजारपेठेतलं मॉडेलचं दुकान आणि ती बाजारपेठ वाचवायची धडपड, कथा या दोघांपेक्षा गोड आहे, आशियात विकली गेलेली इंग्रजी सबटायटलवाली डिस्क मिळाली तर बिनधास्त घ्या. पण भावाला मिळत होता न्यू.

माझा अनुभव म्हणजे काही निकाल नव्हे. तुम्हाला बनवण्यापेक्षा गोंधळच जास्त आवडत असेल आणि डिस्क खरोखर मातीमोल मिळत असेल तर एक वीकेंड जाईल, नाही असं नाही. मी मात्र ती फुकट दिली तरी पुन्हा घरात आणणार नाही. भावाने विचारलं, "मग सोडून देऊ? पैसे तर काढून ठेवलेत." म्हटलं, ४ सेलला लागला की मी सांगतो, तोवर त्या पैशात आधी एक बरा निपर घे, तुझ्या वाढदिवसाला किट देणार आहे आणि माझं नेलकटर मिळणार नाही.