भुईकाट्याचा पोर्ट ‘जळाला’ असं सांगून होणारी लूट

जिनिंग, दालमिल, साखर कारखाना, बाजार समिती, जिथे जिथे भुईकाटा सर्व्हरला जोडलेला आहे तिथल्या हिशेबनिसांनी आणि काटा ऑपरेटरांनी हे शेवटपर्यंत वाचावं. आमच्या खरेदी-विक्री संघाच्या जिनिंगला ऐन कापसाच्या हंगामात एका माणसाने ज्या पद्धतीने लुटलं, ती पद्धत त्याला इतकी सरावाची होती की आमच्यापाशीच ती सुरू झाली असेल असं मला वाटत नाही.

काट्याखालच्या लोडसेलकडून (वजन ओळखणाऱ्या भागाकडून) ते वजन इंडिकेटरला, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या डब्याला, कळतं. इंडिकेटर तो आकडा सिरियल पोर्टमधून (केबल लावायच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीतून) सर्व्हरकडे, म्हणजे ऑफिसातल्या मुख्य संगणकाकडे, पाठवत राहतो आणि सॉफ्टवेअर त्यावरून काटापावती छापतं. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक तो कापूस. ही जोडणी तुटली तरी काटा बंद पडत नाही, फक्त आकडा हाताने टाकावा लागतो. पण रात्रभर ट्रॅक्टरवर झोपून नंबर लावलेला शेतकरी हाताने टाकलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याने का ठेवावा? आमची हीच अडचण त्या माणसाने ओळखली होती.

हंगामाच्या तोंडावर संघाने जुना सर्व्हर बदलला. नव्याच्या मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट होता, त्याला काट्याची केबल लावली, पण वजन येईना. सर्व्हर देणारे म्हणाले, काट्याचं काम आमच्याकडे नाही. काटा बसवणारे म्हणाले, इंडिकेटरवर वजन दिसतंय म्हणजे आमच्या बाजूने ठीक आहे. मग कोणीतरी जिल्ह्याच्या गावातल्या या माणसाचा नंबर दिला. भुईकाटा संगणकाला जोडून देतो, अशी त्याच्या दुकानाची जाहिरात होती.

तो आला, सर्व्हरच्या पोर्टच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या आणि टर्मिनलच्या खिडकीत (पोर्टमधून येणारी-जाणारी अक्षरं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अक्षरं टाइप केली. ही चाचणी खरीच आहे. तीन नंबरच्या पिनेतून डेटा बाहेर जातो, दोनमधून आत येतो, त्यामुळे पोर्ट चालू असेल तर टाइप केलेली अक्षरं परत येऊन स्क्रीनवर दिसतात. आमच्या सर्व्हरवर काहीच दिसलं नाही. ‘पोर्ट जळालाय, वीज आली असेल लाइनवरून,’ तो म्हणाला. विजेने पोर्ट जातात हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं.

सर्व्हरमध्ये सिरियल पोर्ट दिसत असूनही चाचणीला उत्तर देत नाही याचं आणखी एक कारण असतं. बऱ्याच सर्व्हरच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) मागचा पोर्ट ‘कन्सोल रीडायरेक्शन’साठी, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन दुसरीकडे दाखवण्यासाठी, किंवा सर्व्हरची दुरून देखभाल करणाऱ्या वेगळ्या चिपकडे वळवून ठेवता येतो, आणि काहींमध्ये तो कारखान्यातून तसाच येतो. मग तो विंडोजच्या हातात नसतो. पोर्ट शाबूत असतो, बायोसमध्ये एक पर्याय बदलून सर्व्हर पुन्हा सुरू केला की काम होतं. सर्व्हरला काटे जोडण्याचा धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. त्याने बायोस उघडलासुद्धा नाही.

त्याऐवजी त्याने ‘इंडस्ट्रियल, सर्व्हर-ग्रेड’ म्हणून यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर दिला, साडेचार हजारांचा. तशी दिसणारी केबल बाजारात काहीशे रुपयांत मिळते. ती लावल्यावर वजन आलं, पावत्या छापल्या गेल्या, सगळे खूश झाले. थोड्याच दिवसांत विंडोजचं अपडेट झालं आणि वजन पुन्हा गायब. तो आला, बराच वेळ काहीतरी करत बसला, ‘सर्व्हर ट्यूनिंग’ या नावाने बिल लावून गेला. पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

यातली मेख कळायला मला वेळ लागला, म्हणून ती नीट सांगतो. अशा केबलमध्ये एक चिप असते. प्रोलिफिक या तैवानच्या कंपनीची पीएल-२३०३ आणि एफटीडीआय या स्कॉटलंडच्या कंपनीची एफटी-२३२ या दोन्ही चिपच्या नकला बाजारात खूप आहेत. नकला ओळखण्यासाठी आणि जुनी मॉडेल थांबवण्यासाठी कंपन्या ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप चालवू देणारं सॉफ्टवेअर, बदलतात. एफटीडीआयच्या ड्रायव्हरने २०१४ मध्ये नकली चिपचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला होता, त्यावर जगभर ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर जुनी किंवा नकली चिप दिसली की चालायला नकार देतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) पिवळा त्रिकोण येतो आणि तिथेच लिहिलेलं असतं की पीएल-२३०३एचएक्सए २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. आमच्या सर्व्हरवर हेच वाक्य येत होतं. तो ते झाकायचा, जुना ड्रायव्हर परत बसवायचा आणि पैसे घ्यायचा. पुढचं अपडेट ड्रायव्हर पुन्हा नवा करणार हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणजे त्याने आम्हाला केबल विकली नव्हती, स्वतःसाठी दर महिन्याचं उत्पन्न लावून घेतलं होतं.

एवढ्यावर थांबला असता तर पैशांचंच नुकसान झालं असतं. जानेवारीत, गर्दीच्या दिवसांत, वजन परत बंद पडलं तेव्हा त्याने टर्मिनलमध्ये आमच्या ऑपरेटरला चित्रविचित्र चिन्हांच्या ओळी दाखवल्या. ‘बघा, इंडिकेटरचं कम्युनिकेशन कार्ड कचरा पाठवतंय. कार्ड बदलावं लागेल.’ ऑपरेटरने संचालकांना पाठवायला म्हणून स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, आणि पुढे तोच आमच्या उपयोगी पडला. त्या फोटोत खिडकीच्या कडेला बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, २४०० दिसतो. आमच्या इंडिकेटरचा ९६०० आहे, त्याच्या पुस्तिकेत छापलेला आहे. दोन्हीकडचा वेग जुळला नाही की चांगला इंडिकेटरही स्क्रीनवर कचराच दाखवतो. चिन्हं उमटतात याचा अर्थ उलट असा की तार शाबूत आहे आणि कार्ड बोलतंय.

आणि मग त्याने इंडिकेटरचं सील तोडलं.

वजनकाट्याची दरवर्षी वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळणी होते आणि सील लागतं. २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे काट्याची दुरुस्ती परवानाधारकानेच करायची असते, आणि सील तुटलं की पुन्हा पडताळणी होईपर्यंत त्या काट्यावर खरेदी करता येत नाही. त्याच्याकडे परवाना नव्हता. कार्ड बदललं म्हणून बिल देऊन तो गेला आणि काट्यावरच्या एका जाणत्या शेतकऱ्याने तुटलेली शिशाची गोळी पाहिली. ‘भाऊ, काटा उघडला होता म्हणे. मंग माह्या कापसाचं वजन कोनत्या काट्यानं केलं?’ या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हतं. काटा बंद करावा लागला, गाड्या दुसऱ्या काट्यावर न्याव्या लागल्या, वाहतुकीचा भुर्दंड संघाने सोसला. गावात जी कुजबुज झाली तिची भरपाई कुठल्याच बिलात मांडता येत नाही. संघ शेतकऱ्यांचाच आहे आणि त्याच्या काट्यावर संशय यावा, याचा मला आजही त्रास होतो.

परवानाधारक दुरुस्तीदार आला, त्याने सगळ्यांसमोर इंडिकेटर उघडला. आतलं कार्ड तेच होतं. काटा बसवला तेव्हाच्या कागदांवर त्याचा नंबर आहे, तोच कार्डावर. म्हणजे काहीच बदललेलं नव्हतं. बायोसची गोष्ट एका सभासदाच्या मुलाने उलगडली. तो पुण्यात डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे, संक्रांतीला गावी आला होता. त्याने पोर्ट विंडोजकडे वळवला, तारेची चाचणी केली, अक्षरं लगेच परत आली. काट्याची केबल मागच्या पोर्टला लावली, सॉफ्टवेअरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बदलला आणि वजन आलं. काट्याची फेरपडताळणी झाल्यानंतर आजतागायत पावत्या तिथूनच छापल्या जातात. कन्व्हर्टर पुरावा म्हणून कपाटात सीलबंद आहे.

त्या मुलाने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी सळई सर्व्हरपासून सोडवलेल्या केबलच्या पाच नंबरच्या पिनेला, लाल आधी दोनला, मग तीनला. ज्या पिनेवर उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या आसपास काही दिसतं त्या बाजूने इंडिकेटर जिवंत आहे. तो सतत आकडे पाठवत असेल तर मीटरवरचा आकडा हलत राहतो. इंडिकेटरला हातही लावावा लागत नाही, सीलचा प्रश्नच येत नाही. कार्ड गेलं असं कोणी म्हणालं तर हे आधी करून दाखवायला सांगा.

संघाने पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, आणि सील तोडल्याची वेगळी तक्रार वैधमापन निरीक्षकांकडे. तक्रारीसोबत बिलं, ऑपरेटरचा फोटो, कार्डाच्या नंबरचे कागद आणि डिव्हाइस मॅनेजरच्या त्या वाक्याचा फोटो जोडला. त्या माणसाने निरोप पाठवला की अर्धे पैसे परत घ्या आणि तक्रार मागे घ्या. संचालक मंडळाने नकार दिला.

त्याची बिलं ओळखायला सोपी आहेत. ‘इंडस्ट्रियल कन्व्हर्टर’पुढे ना कंपनीचं नाव असतं ना मॉडेल नंबर. ‘सर्व्हर ट्यूनिंग’ची ओळ असते, पण नेमकं काय केलं ते लिहिलेलं नसतं. आणि ‘कम्युनिकेशन कार्ड’ असलं तरी जुनं कार्ड तो परत देत नाही, दुरुस्तीसाठी कंपनीला पाठवतो असं सांगतो. तुमच्या फाइलमध्ये अशी बिलं असतील तर काट्याच्या इंडिकेटरचं सील आजच जाऊन पाहा. ते तुटलेलं असेल तर पुढची गाडी काट्यावर घेण्याआधी निरीक्षकांना कळवा.