लिनक्सवरील ज्युपिटरलॅब: उत्तम साधन, पण कर्नल तपासूनच वापरावे

डेटा विश्लेषणासाठी, ब्राउझरमधील नोटबुकमध्ये कोड लिहून चालवू देणाऱ्या ज्युपिटरलॅबइतके सोयीचे मोफत साधन मला दुसरे आढळलेले नाही. मात्र लिनक्सवर पॅकेज इन्स्टॉल केलेले असूनही मॉड्यूल सापडत नसल्याची त्रुटी येते, तेव्हा नोटबुकचा कर्नल (नोटबुकमधील कोड चालवणारा प्रोग्राम; लिनक्सचा कर्नल नव्हे) आणि टर्मिनलमधील पिप (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारे साधन) वेगवेगळ्या पायथनशी जोडलेले असल्याचे नेहमीचे कारण त्या संदेशातून कळत नाही, ही उणीव मला गंभीर वाटते. नोटबुकमध्ये ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘एक्झिक्युटेबल’ छापून पाहिल्यास कोणते पायथन चालू आहे ते लगेच दिसते. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या लिनक्स प्रणालीपासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज टाकता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. ते सक्तीने मोडण्याऐवजी प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेस वेगळी ठेवणारे पायथनचे वातावरण) करून त्यातील आयपायकर्नल, म्हणजे ज्युपिटरसाठीचा पायथन कर्नल, ज्युपिटरमध्ये नोंदवावे.