भाचीला दिलेली 6 इंची डॉब्सोनियन दुर्बीण: आठ महिन्यांनंतर

भाचीच्या अकराव्या वाढदिवसाला दुर्बीण द्यायची ठरवली, तेव्हा माळ्यावर पडलेली माझी जुनी दुर्बीण आठवली. 60 मिमी भिंगाची, खोक्यावर ठळक अक्षरांत '525 पट', म्हणजे वस्तू तितकी मोठी दिसेल असा दावा. फोकसच्या चाकाला बोट लावलं की तिचा स्टँड थरथरायचा आणि गुरू नजरेआड व्हायचा. चार रात्रींत माझा उत्साह संपला. हिचं तसं होऊ नये, एवढंच मनात होतं.

म्हणून 150 मिमी (6 इंच) व्यासाच्या आरशाची, 1200 मिमी नाभीय अंतराची (आरशापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर) डॉब्सोनियन घेतली. मोटर नाही, तिवई नाही. लाकडी बैठकीवर नळी ठेवायची आणि हाताने फिरवायची. 60 मिमीपेक्षा सहापट प्रकाश गोळा होतो, पण मला जास्त मोलाची वाटते ती बैठक. हात काढला की चित्र तिथेच थांबतं. पट किती, हे आधी विचारूच नका. भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, तेही हवा स्थिर असेल तर. म्हणजे 60 मिमीला 120 च्या पुढे काही अर्थ नाही.

सोबत 25 आणि 10 मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं) आले. 1200 ला त्या आकड्यांनी भागलं की 48 आणि 120 पट. बहुतेक वेळ आम्ही 48 वरच असतो. पहिल्या रात्री अष्टमीचा चंद्र लावला. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, ते बघून भाची पाऊण तास हललीच नाही. पौर्णिमेला दाखवला असता तर सगळं सपाट दिसलं असतं. 2025 च्या शेवटी शनी पाहिला तेव्हा कडी जवळजवळ कडेवरून दिसत होती, सुईसारखी बारीक. ती थोडी हिरमुसली. दर वर्षी कडी किती रुंद होत जातात ते आता आपण पाहायचं, असं ठरलं. कृत्तिका सुरेख. मृगातला तेजोमेघ करड्या धुरासारखा. फोटोतले रंग दिसणार नाहीत, हे देतानाच सांगून ठेवा.

त्रास? आहे. सगळं मिळून पंधरा किलोच्या आसपास वजन, त्यामुळे बाहेर काढायला मोठं माणूस लागतं. आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला अर्धा तास जातो, तोवर ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसतात. चित्र उलटं दिसतं, त्याची सवय दोन रात्रींत होते. पृथ्वी फिरत असल्याने 120 पटीला ग्रह दीड-दोन मिनिटांत चौकटीबाहेर जातो. नळी हळूच ढकलत राहायची. लहान मुलं हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. आरसे एका रेषेत जुळवणं मात्र मला तीनदा करावं लागलं आणि पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ गेली.

एका बाबतीत मी कडक आहे. जुन्या दुर्बिणीसोबत आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर आला होता, तो मी फोडून टाकला. साठलेल्या उष्णतेने तो तडकू शकतो आणि डोळा कायमचा जातो. फिल्टर नळीच्या तोंडावरच हवा, नाहीतर सूर्याकडे वळायचंच नाही.

भाचीने एक वही केली आहे. गुरूचे चार चंद्र गॅलिलिओने 1610 मध्ये टिपले, तसेच ती रोज ठिपके काढते. गेल्या आठवड्यात फोन आला, "मामा, आज तीनच आहेत!" चौथा गुरूच्या मागे गेला असेल, असं तिचं तिनेच शोधून काढलं होतं. तो बाहेर येईपर्यंत जागू दे, म्हणून मी तिच्या आईची परवानगी काढून दिली.