कॉम्प्रेसर वर चढवायचा, तर छताला, भिंतीला की माळ्यावर?

छोट्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर आणि डस्ट कलेक्टर सर्वात जास्त जागा अडवतात, आणि बटण दाबण्यापलीकडे दिवसभर त्यांना हात लागत नाही. म्हणून ते वर न्यावेत हा विचार अगदी रास्त आहे. फक्त वजन कशाच्या भरवशावर सोडायचं, हे आधी नक्की करा.

छताला टांगलं की खालची जमीन पूर्ण मोकळी होते, हा त्याचा एकमेव पण मोठा फायदा. तोटा असा, की सगळा भार बोल्टला ओढून बाहेर काढायला बघतो. स्लॅबच्या मधल्या भागात खालच्या बाजूचं काँक्रीट आधीच ताणाखाली असतं, तिथे बारीक भेगा असू शकतात आणि अशा भेगेत साध्या अँकर बोल्टची पकड कमी होते. त्यात कॉम्प्रेसर थरथरतो. मी 50 लिटरचा एक थ्रेडेड रॉडवर टांगला होता. नट आवळून नट आणि रॉड मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. तीन आठवड्यांनी शिडीवर चढलो, तर चारांपैकी एका नटावरची रेघ सरकलेली, पाव फेरा नट सुटलेला. खाली माझं काम करायचं टेबल होतं. त्याच दिवशी तो उतरवला. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सहज न सुटणारे) आणि रबरी माउंट लावून हे टाळता येतं, पण नियमित तपासणी मग कायमची मागे लागते. पत्र्याची शेड असेल तर हा विचारच सोडा. परलिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, पत्र्याच्या आणि वाऱ्याच्या हिशेबाने बसवलेल्या असतात, खाली लोंबणाऱ्या मशीनच्या नव्हे.

भिंतीवरचा ब्रॅकेट बरा, मात्र तो स्वतः उभ्या दिशेने लांब हवा. समजा 60 किलोचं मशीन आहे आणि त्याचा मध्य भिंतीपासून 25 सेंटिमीटरवर येतो. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये 50 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर मिळून साधारण 30 किलोची ओढ येते. अंतर 25 केलंत तर तीच 60 होते. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर अँकरवर विसंबू नका, आरपार बोल्ट घालून मागे जाड पट्टी द्या.

माझं मत मात्र अँगलच्या माळ्याला. चार पाय, वर फळी, तिरके टेके, आणि कलंडू नये म्हणून भिंतीला दोन ठिकाणी बांधलेला. वजन सरळ जमिनीत जातं, बोल्टला ओढ जवळजवळ नाहीच. जागा जाते ती चार पायांपुरती, खाली टेबल किंवा कपाट बसतं. वर्कशॉप हलवायचं झालं तर माळाही सोबत येतो.

डस्ट कलेक्टरसाठी भिंत चालते, कारण तिथे वजनापेक्षा पाइपची वळणं कमी ठेवणं आणि पिशवी हाताला येणं महत्त्वाचं. होज रील, हवा गाळायचा पंखा, दिवे खुशाल छताला लावा.

कुठेही चढवा, मशीन वर नेताना चेन पुली वापरा, शिडीवर उभं राहून खांद्यावर घेऊ नका. छताजवळ गरम हवा साचते, तेव्हा वर हवा खेळती हवी, नाहीतर मोटर ओव्हरलोडवर बंद पडत राहते. आणि टाकीच्या ड्रेनला, म्हणजे आत साचलेलं पाणी काढायच्या तोंडाला, पाइप जोडून व्हॉल्व्ह कमरेच्या उंचीवर आणा. शिडी लागायला लागली की रोजचं पाणी काढणं राहून जातं, आणि टाकी आतून गंजते.