टस्कनीतलं घर, तांब्याची पातेली आणि आमचे सव्वा लाख

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, कारण खरं सांगायचं तर लाज वाटते. आमच्या घरात ट्रिप प्लॅनिंगचं खातं माझ्याकडे, एक्सेल शीट वगैरे करणारी मी, आणि भाड्याच्या घराच्या खोट्या जाहिरातीला फसले पण मीच. पण परवा ऑफिसमधली एक जण अगदी आमच्यासारखाच इटलीचा प्लॅन करतेय कळलं म्हणून लिहितेय.

प्लॅन साधा होता. ऑक्टोबर २०२५, आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूसासरे. पहिला भाग शहरं, रोममध्ये चार रात्री, फ्लॉरेन्समध्ये तीन, मध्ये दीड तासाची फास्ट ट्रेन. दुसरा भाग गाडी घेऊन टस्कनीत, पिएन्झाजवळ एका शेतावरच्या घरात पाच रात्री. ते सायप्रसच्या झाडांचे आणि नागमोडी रस्त्यांचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात ना, तोच तो भाग, वाल दोर्चा म्हणतात त्याला, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

शहरांच्या बाबतीत मी इतकी काटेकोर होते की विचारू नका. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात झेडटीएल असतो, म्हणजे परवानगी नसलेली गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि काही महिन्यांनी दंड घरी येतो, वर भाड्याच्या गाडीची कंपनी स्वतःचा चार्ज लावते ते वेगळंच. म्हणून गाडी शहरात घेतलीच नाही, ट्राम पकडून एअरपोर्टला जाऊन तिथून घेतली. नवऱ्याचं इंटरनॅशनल परमिट ठाण्याच्या आरटीओतून हजार रुपये भरून आधीच काढलेलं. टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपासच्या (तिकडचा फास्टॅग) लेनमध्ये घुसायचं नाही, पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या आपल्या नाहीत, हे सगळं मुलाला सुद्धा पाठ होतं. आणि रोमच्या पाकीटमारांची सगळ्यांनी इतकी भीती घातलेली की बाबा, म्हणजे सासरे, मेट्रोत खिशाला सेफ्टी पिन लावून फिरत होते. पैसे तर जूनमध्येच ठाण्यातून गेले होते!

झालं असं, की आईंना बाहेरचं रोज चालत नाही. दोन दिवस पिझ्झा पास्ता ठीक, तिसऱ्या दिवशी वरणभात हवाच. त्यामुळे मी किचनवालं घर शोधत होते आणि एका मोठ्या बुकिंग साइटवर ते सापडलं. दगडी घर, समोर द्राक्षाचा मांडव, आणि स्वयंपाकघरात भिंतीवर ओळीने टांगलेली तांब्याची पातेली. आईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, अगं आपल्याकडे वाड्यात होती तशीच की. झालं, तिथेच ठरलं.

साइटवर पाच रात्रींचे १,३८० युरो होते. मी मालकाला मेसेज केला की आम्ही शाकाहारी, कुकर आणणार, चालेल का. दहा मिनिटांत उत्तर, अगदी प्रेमाने, हो हो तुमचं घर समजा, मसाल्याचा वास आम्हाला आवडतो, आणि पुढचं व्हॉट्सॅपवर बोलूया. व्हॉट्सॅपवर म्हणाला की साइट आमच्याकडून फार कमिशन घेते, तुम्ही थेट बँकेत पाठवलेत तर दहा टक्के कमी करतो. दोन पानी करार पाठवला, सहीसकट, स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पाठवला (आता वाटतं तो पण कुणा आधी फसलेल्याचाच असणार), आणि आमच्या पाचही जणांचे पासपोर्ट मागितले. मी दिले. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, तर त्याने सुंदर लेटर पण बनवून दिलं आणि त्याच लेटरवर आम्हाला व्हिसा मिळाला, म्हणजे संशय यायचा तो अजूनच मागे गेला.

बँकेत फॉर्म भरताना काउंटरवरच्या बाईंनी विचारलं होतं बरं का, की मॅडम घर इटलीत आणि खातं लिथुआनियात कसं? इटलीचा आयबॅन, म्हणजे युरोपातला बँक खात्याचा नंबर, आयटीने सुरू होतो, २७ अक्षरांचा असतो, हा एलटीने सुरू होत होता. आणि मी शहाणी त्यांना म्हटलं, अहो युरोपात सगळं एकच असतं हल्ली. १,२४२ युरो आणि बँकेचे चार्जेस धरून सव्वा लाखाच्या आसपास गेले. ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

फ्लॉरेन्सहून निघालो, ए-वन हायवेवरून वाल्दीकियानाला बाहेर पडलो, रस्ता इतका सुंदर की नवरा उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती पण विसरला. पत्ता बरोबर होता. पांढऱ्या खडीचा रस्ता, मांडव, तेच घर. फक्त दार उघडलं ते सत्तरीच्या एका आजींनी आणि त्यांना आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. मी फोनवर फोटो दाखवले, त्यांनी कपाळावर हात मारला आणि मुलीला फोन लावून दिला, तिला इंग्लिश येत होतं. घर भाड्याने कधीच दिलेलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी विकायला काढलेलं, तेव्हा इस्टेट एजंटने काढलेले फोटो नेटवर होते, तेच कुणीतरी उचललेले. आणि आम्ही पहिले नव्हतो, उन्हाळ्यात एक डच कुटुंब येऊन गेलेलं. त्या माउलीने आम्हाला आत बसवून पाणी दिलं, मुलाला बिस्किटं दिली. आई हळूच स्वयंपाकघराकडे बघत म्हणाल्या, हीच की गं ती पातेली.

व्हॉट्सॅपवर त्याला मेसेज केला तर एकच टिक, डीपी गायब.

त्या रात्री आजींच्या मुलीनेच सुचवलं म्हणून किआंचानो तेर्मेला गेलो, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, हॉटेलं भरपूर, दोन खोल्या मिळाल्या. किचन अर्थातच नाही. आईंनी पाच दिवस पीची खाल्ली, ती हाताने वळलेली, जाड शेवयांसारखी असते ना, लसूण टोमॅटोच्या सॉसमधली, आणि तक्रार एकदाही केली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी कॅराबिनिएरीच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, चौकीत तक्रार लिहून दिली, देनुंचा म्हणतात, तिची कॉपी नक्की घ्या, इथे बँकेला आणि पोलिसांना तीच दाखवावी लागते. सभ्य होते, पण चेहऱ्यावरून कळत होतं की पैसे विसरा.

इकडे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पण जून ते ऑक्टोबर म्हणजे चार महिने उलटून गेलेले, असल्या गोष्टीत काही तासांत कळवलं तरच पैसे अडकवता येण्याची शक्यता असते. बँकेने पैसे परत मागवायची रिक्वेस्ट पाठवली, तीन आठवड्यांनी उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. बुकिंग साइटचं म्हणणं, तुम्ही पैसे आमच्यामार्फत दिलेच नाहीत. ते पण खोटं नाही म्हणा. साइटवरच कार्डाने भरले असते तर निदान भांडायला जागा होती, १३८ युरो वाचवायला गेले आणि दुसऱ्यांदा हॉटेलला भरले.

नंतर जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर. इटलीत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या प्रत्येक घराला सीआयएन नावाचा सरकारी कोड लागतो, आयटीने सुरू होणारा, आणि १ जानेवारी २०२५ पासून तो जाहिरातीत छापणं सक्तीचं आहे. आमच्या त्या घराला कोड नव्हताच, मला माहीतच नव्हतं मग शोधणार काय. तो स्वतःला अ‍ॅग्रीतुरिस्मो म्हणवत होता, तर कायद्याने ते खऱ्या चालू शेतीचा जोडधंदा असावं लागतं, ऑलिव्ह, वाइन, चीज काहीतरी पिकवणारं, मी एकदाही विचारलं नाही की बाबा तू पिकवतोस काय. आणि गुगल लेन्स! घरी आल्यावर फोटो टाकला तर दुसऱ्याच रिझल्टला ती विक्रीची जुनी जाहिरात. दोन मिनिटं लागली. व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर दाखव म्हटलं असतं तरी तो पळाला असता.

पासपोर्टच्या कॉप्या त्याच्याकडे गेल्यात ती धाकधूक अजून आहेच, पोलिसांच्या तक्रारीत ते पण वेगळं लिहून घेतलं.

गेल्या महिन्यात सहज परत लेन्सवर तो स्वयंपाकघराचा फोटो टाकून बघितला. आता जाहिरातीत ते घर टस्कनीशेजारच्या उंब्रियात आहे, मालकाचं नाव वेगळं, भाडं थोडं वाढलंय, थेट पैसे दिल्यास सूट. पातेली तीच. रिपोर्ट केलंय, अजून जाहिरात दिसतेय.