पंप की पेन? टाईप १ मधुमेह असून धावणाऱ्या, पोहणाऱ्या, गड चढणाऱ्यांसाठी

पेनने इन्सुलिन चालू आहे, व्यायाम सोडायचा नाही आणि डॉक्टरांनी अंगावर लावायच्या इन्सुलिन पंपाचा विषय काढलाय, अशांसाठी ही तुलना.

पेनवर दिवसातून एकदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन (ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक) आणि प्रत्येक जेवणाला जलद इन्सुलिन. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. तेच चोवीस तास थेंबाथेंबाने सोडून तो बेसल (जेवणाव्यतिरिक्त दिवसरात्र लागणारं पायाचं इन्सुलिन) सांभाळतो. म्हणून पंपावर बेसल तासागणिक बदलता येतो, सकाळी टोचलेलं ग्लार्जिन मात्र संध्याकाळी कमी करता येत नाही. पंपाची सोयही यातून येते आणि धोकाही.

धावणं, सायकल, ट्रेक

पंपावर निघण्याच्या ६० ते ९० मिनिटं आधी तात्पुरता बेसल ५० ते ८० टक्क्यांनी खाली आणतात. बुटाची नाडी बांधताना बटण दाबलं तर फारसा उपयोग होत नाही, कारण तासाभरापूर्वी त्वचेखाली गेलेलं इन्सुलिन अजून कामावर असतं. नव्या पंपधारकांची साखर पहिल्या अर्ध्या तासात घसरते ती बहुधा यामुळेच. सेन्सर (त्वचेवर लावलेला, सतत साखर मोजणारा) वाचून स्वतः डोस ठरवणारा पंप असेल (उदाहरणार्थ मेडट्रॉनिक ७८०जी), तर साखरेचं १५० चं तात्पुरतं लक्ष्य एक-दोन तास आधी लावायचं. अशा पंपावर अर्धा तास आधी केळं खाणं अंगाशी येतं: साखर वर जाताना दिसली की पंप जादा इन्सुलिन देतो आणि ते नेमकं धावताना काम करतं. खायचंच असेल तर अगदी निघताना खावं.

पेनवर हा हिशेब खाण्यातून आणि बोलसमधून (जेवणासाठीच्या जलद इन्सुलिनच्या डोसमधून) करावा लागतो. जेवणानंतर दीड तासाच्या आत व्यायाम असेल तर त्या जेवणाचा बोलस तीव्रतेप्रमाणे २५ ते ७५ टक्के कमी. तो कमी केलेला नसेल तर लांबच्या ट्रेकमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागू शकतात. पण पहाटे उपाशीपोटी, पहिल्या बोलसच्या आधी धावणाऱ्याच्या शरीरात जेवणाचं इन्सुलिन नसतंच, त्यामुळे साखर उतरण्याचा धोका कमी राहतो. अशा माणसाने केवळ धावण्यासाठी पंपावर खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पंपाचं खरं मोल संध्याकाळच्या व्यायामाला कळतं. कामावरून सुटून फुटबॉल किंवा जिम, आणि मग रात्री दोन-तीन वाजता साखर ७० च्या खाली. पंपावर झोपताना बेसल सहा तासांसाठी २० टक्के कमी करता येतो. ग्लार्जिन रात्री घेत असाल तर तेवढ्या दिवसापुरता डोस २० टक्क्यांनी कमी करता येतो. डेग्लुडेकचा असर ४२ तासांपर्यंत रेंगाळतो, त्यामुळे एका दिवसाची काटछाट त्याला कळतच नाही. ज्यांच्या व्यायामाची वेळ रोज बदलते त्यांनी पंपाचा विचार जरूर करावा.

पाणी आणि अंगाला अंग भिडणारे खेळ

७८०जी पाण्यात चालतो (३.६ मीटर खोलीपर्यंत, २४ तास), जुने बरेच पंप काढून ठेवावे लागतात. कबड्डी-कुस्तीत तर कुठलाही पंप काढावाच लागतो. काढून ठेवण्याची मर्यादा साधारण एक तास धरा. त्यापुढे साखर तपासून, बुडालेल्या बेसलचा काही भाग बोलसने द्यावा लागतो. दिवसभर मालवणच्या समुद्रात असणाऱ्याला पेन जास्त सुटसुटीत.

बिघाड

पेनवर एखादा बोलस चुकला तर साखर चढते, पण खाली ग्लार्जिनचा आधार असतो. पंपात तो साठा नाही. कॅन्युला (त्वचेखाली जाणारी बारीक नळी) आत दुमडली, घामाने टेप सुटली, नळीत हवा शिरली, तर तीन-चार तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) वाढू लागतात. म्हणून नियम असा: कारण नसताना साखर २५० च्या वर दिसली तर पंपाने एकदाच सुधार-डोस, तासाभरात उतरली नाही तर पुढचा डोस पेनने आणि सेट (नळी आणि कॅन्युला) लगेच नवा. रक्तातले कीटोन १.५ मिलिमोल/लिटरच्या वर असतील तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

नळीतली हवा बरेचदा आपणच भरतो. फ्रिजमधून काढलेलं थंड इन्सुलिन तसंच रिझर्व्हॉयरमध्ये (पंपातल्या इन्सुलिनच्या टाकीत) ओढलं की ते गरम होताना बुडबुडे सुटतात. कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, भरल्यावर रिझर्व्हॉयर उभा धरून टिचकीने बुडबुडे वर आणावेत आणि बाहेर काढावेत. सेट दर दोन-तीन दिवसांनी, दर वेळी नव्या जागी; त्याच जागी पुन्हा टोचलं तर गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पेन ओल्या गारव्याच्या पाऊचमध्ये ठेवता येतं. पंप अंगावरच असतो, उन्हात त्याची नळीही तापते. तिथे रिझर्व्हॉयर कमी भरावा आणि लवकर बदलावा.

खर्च

आपोआप डोस ठरवणारा पंप काही लाखांचा, शिवाय सेट, रिझर्व्हॉयर आणि सेन्सर दर महिन्याला चालूच. पेन आणि सुया यांचा खर्च त्यामानाने फारच थोडा. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी सेन्सर घ्या, पेन चालू ठेवा. साखर कुठल्या दिशेला चाललीय हे दिसणं व्यायामात सगळ्यात आधी लागतं.

पंप घेतलाच तरी पेन सुटत नाही. बॅगेत जलद इन्सुलिनचं पेन, सुया, एक जादा सेट, पंपाची बॅटरी, कीटोन पट्ट्या आणि १५ ग्रॅम साखरेच्या (साधारण तीन चमचे) दोन-तीन पुड्या हव्यातच. आपला चोवीस तासांचा एकूण बेसल फोनमध्ये लिहून ठेवा. पंप अचानक बंद पडला तर ग्लार्जिनचा डोस त्या आकड्यावरून ठरतो; तो किती घ्यायचा हे डॉक्टरांकडून पंप लावतानाच लिहून घ्या.